बोया, बावटा आणि दोर: पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पालघर



पावसाळा आला की जव्हार-मोखाड्यातल्या धबधब्यांवर जायला मनाई होते. फलक लागतात, पोलीस रस्त्यावर उभे राहतात. मनाईला माझा विरोध नाही. दारू पिऊन कड्यावर नाचणाऱ्यांना अडवायलाच हवं. पण माणूस एकदा पाण्यात गेल्यावर काठावरच्या लोकांनी काय करायचं, त्यांच्या हाताशी काय असायला हवं, याचं उत्तर मनाईच्या फलकावर मिळत नाही. हे पत्र त्याच एका गोष्टीसाठी आहे.

2 जुलै 2020 ला काळमांडवी धबधब्याच्या डोहात जव्हारचे पाच तरुण बुडाले. दोघं पाण्यात पडले आणि बाकीचे त्यांना काढायला उतरले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे मेलेल्यांतले निम्म्याहून जास्त वाचवणारे होते. पुढे मे 2024 मध्ये दाभोसा धबधब्यावर वरून डोहात उडी मारणाऱ्या दोन पर्यटकांपैकी एक गेला, दुसरा जबर जखमी झाला. तेव्हा भर उन्हाळा होता, पावसाचा पत्ता नव्हता. उन्हाळ्यात हेच डोह शांत, हिरवे आणि बोलावणारे दिसतात.

पहिल्या घटनेपाशी जरा थांबू या. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना. म्हणून जीवरक्षकांना पहिला धडा शिकवतात तो असा की आधी काहीतरी फेका, लांबून काहीतरी पुढे करा, आणि काहीच उपाय उरला नाही तर शेवटी स्वतः उतरा. काळमांडवीच्या काठावर फेकायला काय होतं? दगड. एक दोर आणि त्याच्या टोकाला एक बोया तिथे टांगलेला असता तर किती जण वाचले असते, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण उरलेल्या मुलांना मित्रासाठी काहीतरी करायचं होतं आणि त्यांच्यापुढे उडीशिवाय दुसरा मार्ग नव्हता, एवढं तर सरळ दिसतं. प्राणवायू तुटल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटं पुरतात. तेवढ्यात जव्हारच्या ठाण्यातून माणूस पोहोचत नाही, मग बाहेरच्या पथकाचं नावच नको.

फलक वाचायला न थांबणारे आणखी दोन प्रकारचे लोक आपल्या भागात पाण्यात उतरतात. एक म्हणजे मासे मारणारे. धरणांच्या पाण्यात ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळी लावणारी माणसं महाराष्ट्रभर दिसतात. जाळं बुडालेल्या झाडात अडकलं की ते सोडवायला बुडी मारावीच लागते. दुसरे म्हणजे गावचे पोहणारे. कुणी बुडालं की पोलीस पाटील पहिला निरोप त्यांच्याकडे धाडतात. मग असा एखादा पोरगा अंगावरच्या चड्डीवर दम कोंडून तळ चाचपतो. कमरेला दोर नाही, वर खूण नाही, काठावर त्याचा हिशेब ठेवणारं कुणी नाही. प्रेत सापडलं की बातमी येते, 'स्थानिकांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला'. त्या 'स्थानिक' शब्दात किती धोका दडलेला असतो, हे आपल्या कार्यालयाला कळावं असं मला वाटतं.

दम कोंडून खाली जाण्याची ही कला जगात जिथे नीट जोपासली गेली आहे, तिथून थोडं उचलायला हरकत नाही. समुद्रात भाला किंवा भाल्याची बंदूक घेऊन, टाकी न लावता मासे मारणारे लोक असतात. ते पाठीमागे एक लांब दोर ओढत फिरतात आणि दोराच्या वरच्या टोकाला बावटा लावलेला बोया असतो. बोया तीन कामं करतो. मोठा मासा टोचला आणि ओढू लागला तर बंदूक हातातून सोडून देता येते, ती बोयाला बांधलेलीच असते. दमल्यावर धरायला आधार मिळतो. आणि वरच्या होडीला, वरच्या जोडीदाराला समजतं की माणूस इथे खाली आहे. तिसरं काम सगळ्यात मोलाचं. दम कोंडणारा माणूस बेशुद्ध होतो तो बहुधा तळाशी नव्हे; वर येताना शेवटच्या काही मीटरांत, किंवा वर आल्यावर पहिल्या काही क्षणांत. खाली जाण्याआधी जोरजोरात श्वास घेतले असतील तर हा धोका आणखी वाढतो, कारण शरीराची 'आता श्वास घे' ही हाकच उशिरा येते. म्हणून त्यांचा नियम आहे की एक जण खाली असला तर दुसऱ्याने वर राहायचं, आणि वरच्याने बोयावरची नजर काढायची नाही.

दोराचंही शास्त्र आहे, आणि ते दुकानदाराला विचारून समजत नाही. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. बाजारात मिळणारा पिवळा-निळा हलका दोर बहुतेकदा दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि फेकायला किंवा बोयाला तोच हवा. साचलेल्या पाण्यात लांबी खोलीच्या साधारण दीडपट ठेवतात. आठ मीटर खोल पाणी असेल तर बारा मीटर. कमी ठेवला तर बोया खाली ओढला जातो, फार जास्त ठेवला तर सैल वेटोळी पायात येतात. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, गळ्यात तर कधीच नाही. कमरेला बांधायचा तर अशा कडीने, जी एका हाताने ओढून सुटते. मांडीला एक छोटी सुरी किंवा दोर कापायचं हत्यार हवंच. तुटलेलं जाळं पाण्याखाली माणसाला धरून ठेवतं तेव्हा गाठ सोडत बसायला वेळ नसतो.

मात्र हे सगळं साचलेल्या पाण्याचं झालं. दाभोसाच्या डोहाला ते जसंच्या तसं लावलं तर माणूस मरेल. लेंढी नदी तिथे सुमारे 300 फुटांवरून कोसळते. धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाचं पाणी माणसाला पुरेसं उचलत नाही. जो बोया बाजूच्या शांत पाण्यात ऐटीत तरंगतो, तोही तिथे खाली बसतो. वरचा थर धारेकडेच ओढतो आणि पाणी खालून बाहेर पडतं. म्हणून बुडणारा पुन्हा पुन्हा धारेखालीच जातो. अशा ठिकाणी माणसाच्या कमरेचा दोर खडकाला बांधून ठेवला तर ओढ त्याला दोराच्या टोकाशी ताणून पाण्याखाली दाबून धरते. दोर काठावरच्या माणसाच्या हातातच हवा, ढील देता येईल असा, आणि अंगावरची कडी ताण असतानाही सुटणारी हवी. आमच्याकडची धाडसी मुलं झाडाला गाठ मारून उतरतात. हिंमत आहे, पण ती पद्धत चुकीची आहे, आणि हे त्यांना सांगायला आजवर कुणी गेलेलं नाही.

यातलं बरंच ज्ञान आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. सातपाटीपासून डहाणूपर्यंतचा कोळी जाळं टाकतो तेव्हा टोकाला बोया आणि बांबूवर बावटा उभा करतो. येणाऱ्या जहाजाला आणि ट्रॉलरला ती खूण असते. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा जिल्हा झाला तेव्हा 'सागरी, नागरी आणि डोंगरी' असं त्याचं कौतुक झालं होतं. सागरी भागातली साधी सवय डोंगरी भागात न्यायला मात्र कुणाला सुचलं नाही. दोन-चार अनुभवी कोळी काका मोखाड्यात आणून आमच्या पोरांसमोर दोन दिवस बसवले तरी निम्मं काम होईल. पाण्याखालच्या शोधासाठी तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहेच. 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना शिकवताना जव्हार-मोखाड्याच्या तुकडीला दोर, बोया आणि डोहाचा वेगळा धडा द्यावा.

आता बावट्याबद्दल. पाणबुड्यांचे दोन बावटे जगात चालतात. निळा-पांढरा, शेपटीसारखा कातरलेला बावटा आंतरराष्ट्रीय संकेतांतला 'अ' अक्षराचा असून त्याचा अर्थ 'माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा, हळू जा'. दुसरा लाल, त्यावर तिरका पांढरा पट्टा. तो 1950 च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. फ्लोरिडात असा बावटा दिसला की होडीने उघड्या पाण्यात 300 फूट आणि नदीत 100 फूट दूर राहायचा प्रयत्न करायचा, असा कायदा आहे. त्या कायद्यात आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. माणूस पाण्याबाहेर आला की बावटा उतरवायचा. बारा महिने फडकणारा बावटा लोक बघायचे सोडतात. आपल्याकडे फलकांचं तेच झालं आहे.

रंग निवडताना एक स्थानिक बाब लक्षात ठेवा. या भागात लाल बावटा म्हटलं की कुणालाही पाणी आठवत नाही. 1945 पासून वारली शेतकऱ्यांच्या लढ्याबरोबर तो इथल्या पाड्यांवर रुजला आहे. उद्या डोहाजवळ नुसतं लाल फडकं दिसलं तर लोक सभा कुठे आहे ते विचारतील. म्हणून तिरका पांढरा पट्टा ठळक ठेवा आणि कापडाला वरून आडवी काडी घाला, म्हणजे वारा नसतानाही बावटा उघडा राहील. दरीत वारा नसतोच.

बावट्याची खरी गरज धरणांवर आहे. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मुंबई महापालिकेने बांधलेलं मध्य वैतरणा धरण 2014 पासून उभं आहे, 102 मीटर उंचीचं. त्यातून मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जातं. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात; तो विषय निराळा, पण इथला माणूस तो विसरू शकत नाही. वैतरणेत खाली कुणाचा शोध चालू असेल तर ते धरणाच्या दरवाजांवरच्या माणसाला माहीत असलंच पाहिजे. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो तो लोकांना सावध करायला. पण पाण्याखालच्या माणसाला तो ऐकू आला तरी बाहेर यायला वेळ पुरेल का? म्हणून शोध सुरू करण्याआधी दरवाजांवर फोन, शोध संपल्यावर पुन्हा फोन, आणि मधल्या काळात काठावर बावटा, असा तीन ओळींचा नियम महापालिका, पाटबंधारे खातं आणि पोलीस यांनी मिळून लिहून द्यावा. वाघ आणि खडखड धरणांनाही तो लागू करा.

पैशांची अडचण मी मानत नाही. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना 2015 पासून 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि जव्हार-मोखाडा पूर्ण पेसात आहेत. जव्हारला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. दोर, बोये, दोन खांब आणि एक पेटी यांचा खर्च एखाद्या स्वागत कमानीच्या रंगरंगोटीहून जास्त होणार नाही.

अडचण दुसरीच आहे, आणि ती मीच सांगतो, म्हणजे आपल्या बैठकीत ती कुणी शेवटी काढणार नाही. बोया चोरीला जाईल. दोराने कुणीतरी म्हैस बांधेल. उन्हाने पॉलिप्रॉपिलीनचा दोर दोन-तीन वर्षांत कुजून हातात तुटेल, आणि खांबावर टांगलेला कुजका दोर मोकळ्या खांबापेक्षा घातक असतो, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी उतरतं. तेव्हा खरेदीच्या आदेशातच नाव लिहा. दाभोसाचा दोर कोणत्या गावाच्या, कोणत्या माणसाच्या ताब्यात, त्याला महिन्याला मानधन किती, दोर ओढून बघून वहीत सही कोण करणार आणि बदलायची तारीख कोणती. तिथे उन्हाळी पर्यटकांकडून शुल्क घेतलं जात असेल तर मानधन त्यातूनच द्या. हे ठरवणं जमणार नसेल तर निदान पहिलं वर्ष फक्त काळमांडवीला करून बघा. पहिल्या महिन्याची वही तपासायला मी स्वतः येतो.

कळावे,
आपला,
जव्हारचा एक रहिवासी