‘नाही’ची नोंद

संगणकासाठी आज्ञा लिहिण्याची विद्या आता शाळेच्या उंबरठ्याच्या आत आली आहे. तीतील एक लहानसा प्रश्न आम्हांस केवळ गणकशास्त्राचा वाटत नाही. तो प्रश्न असा: जी वस्तू कदाचित नसेलच, ती मागावी कशी?

संगणकातील माहिती डब्यात डबा ठेवावा तशी रचलेली असते. विद्यार्थ्याच्या नोंदीत वडिलांची नोंद, तीत दूरध्वनीचा क्रमांक. ‘विद्यार्थी.वडील.दूरध्वनी’ अशी आज्ञा दिली, की संगणक एकेक डबा उघडीत जातो. परंतु वडिलांची नोंदच नसेल तर? जावास्क्रिप्ट या भाषेत तेथे त्रुटी उद्भवते, आणि ती सावरण्याची तजवीज नसेल तर काम जागीच थांबते. पितृछत्र हरपलेल्या एका मुलापायी साऱ्या वर्गाची यादी अडून बसते! दोष त्या मुलाचा नव्हे. सर्व घरे एकाच साच्याची असतात असे गृहीत धरणाऱ्याचा आहे.

पूर्वी प्रत्येक पायरीवर ‘हे आहे काय?’ असे विचारावे लागे. २०२० साली या भाषेत ‘?.’ हे चिन्ह आले. ‘विद्यार्थी?.वडील?.दूरध्वनी’ असे लिहिले, की नोंद नसेल तेथून संगणक निमूटपणे मागे फिरतो, ‘अनिर्धारित’ एवढेच उत्तर देतो आणि पुढील कामास लागतो. सोय मोठी खरी. पण हे चिन्ह सरसकट पेरणे आम्हांस धोक्याचे वाटते. यादी पूर्ण झाली, परंतु त्या मुलाच्या आईला सूचना गेलीच नाही आणि ते कोणास कळलेही नाही, तर काय साधले? वडील नसतील तर आई, आई नसेल तर आजोबा, असा पर्याय लिहून ठेवावा. कोणीच नसेल तर ते नाव शिक्षकांपुढे यावे.

काही ठिकाणी तर संगणकाने अडूनच बसावे. आपली सावली वडोदरे जिल्ह्यात. दुसरी सावली चंद्रपूर जिल्ह्यात. दोन्ही तालुक्याचीच ठिकाणे. पत्त्यात घराचे नाव नसले तरी चालेल. जिल्हा नसेल तर तक्रार झालीच पाहिजे.

‘नाही’ आणि ‘शून्य’ यांतही भेद आहे. परीक्षेस न बसलेला विद्यार्थी वेगळा आणि बसून शून्य गुण मिळविणारा वेगळा. ‘गुण || "गैरहजर"’ असे लिहिल्यास शून्य गुण मिळविणाराही गैरहजर ठरतो. २०२० सालीच आलेले ‘??’ हे चिन्ह तेथे वापरले, तर शून्य हे शून्यच राहते.

१९६५ साली आल्गोल डब्ल्यू या भाषेची रचना करताना टोनी होर यांनी ‘कशाकडेच न दाखविणारा’ निर्देश तीत घातला. पुढे २००९ साली त्यांनीच त्यास आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले. इतकी किंमत या ‘नाही’ची!

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. एकही मूल शिक्षणावाचून राहू नये, हा त्यामागील हेतू. हजेरीपट आज संगणकात गेला असला तरी हेतू तोच राहिला पाहिजे. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, ‘?.’ अवश्य वापरा. मात्र तो लिहिण्यापूर्वी, येथे काही नसेल तर कोणाचे काय अडेल, याचा विचार करा.