दोष बोटाचा नाही

गेल्या महिन्यात सासूबाईंबरोबर बँकेत गेले होते. दारातच टोकन देणारे यंत्र उभे. त्याच्या काचेवरचा ‘पेन्शन’चा चौकोन आईंनी दोनदा दाबला, पाचदा दाबला, यंत्र ढिम्म. मागचा तरुण म्हणाला, “माताजी, ज़रा ज़ोर से दबाइए.” मग त्यानेच हलकेच बोट टेकवले आणि चिठ्ठी बाहेर आली. परतताना आई म्हणाल्या, “बघ, आता यंत्रसुद्धा मला विचारत नाही.”

ते वाक्य मनाला लागले. चूक त्यांची नव्हतीच, आणि त्या मुलाचा सल्लाही अर्धवटच होता.

टच स्क्रीनचे मुख्य प्रकार दोन. जुन्या प्रकारात वर लवचीक पापुद्रा, खाली काच आणि मध्ये किंचित फट असते. दोन्हींच्या आतल्या बाजूंवर वीजवाहक लेप असतो. दाबले की ते एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते यंत्राला कळते. तिथे जोर लावावा लागतो. नख, पेन, हातमोजा काहीही चालते.

आजच्या मोबाइलचा पडदा वेगळा. २००७ मध्ये आयफोन आला आणि हा प्रकार घरोघरी पोहोचू लागला, पण कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच विमान वाहतूक नियंत्रणासाठी असा पडदा सुचवला होता. यात काचेखाली पारदर्शक वीजवाहक रेघांची जाळी असते. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे तेही वीजवाहक आहे. बोट जवळ आले की जाळीच्या त्या जागेवरचा विद्युतभार किंचित बदलतो. यंत्र हा बदल सेकंदाला अनेकदा मोजते आणि त्यावरून बोटाची जागा ठरवते. म्हणजे ते जोर मोजत नाही. दाबल्याने बोट पसरून काचेला जास्त टेकते, एवढाच काय तो फायदा.

आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बोट घ्या. जन्मभर राखेने भांडी घासली, कपडे धुतले. कातडी कोरडी आणि घट्टे पडलेली. कोरड्या, जाड कातडीमुळे बदल इतका क्षीण होतो की यंत्र त्याला स्पर्श मानतच नाही. (आधारच्या यंत्रावर ठसा न उमटणे ही निराळी भानगड, पण झिजलेली बोटे तीच!) बोटाचे टोक किंवा नख न लावता पेर सपाट टेकवावे, बोट किंचित ओलसर करावे, म्हणजे बऱ्याचदा जमते. मुलांनो, एवढे तरी घरी आजी-आजोबांना करून दाखवा.

पण सगळा भार आजींच्याच बोटावर का? माझे मत स्पष्ट आहे: जिथे सर्वांना जावेच लागते, तिथे काचेबरोबर साधी बटणेही हवीत. मोबाइलचा पडदा अंध माणसाला बोलून तरी दाखवतो; मुक्या सपाट काचेवर त्याने काय चाचपावे? आपल्या मतदान यंत्राला बटणे आहेत, शेजारी ब्रेलमधले अंकही आहेत. त्याला कोणी मागासलेले म्हणत नाही. अमेरिकेच्या नौदलालाही हा धडा महागात मिळाला. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ त्यांची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक दगावले. चौकशीत अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबरच पडद्यावरच्या नियंत्रणांचा गोंधळही पुढे आला. २०१९ मध्ये नौदलाने अशा नौकांवर वेग नियंत्रणासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवण्याचे ठरवले.

मी काही टच स्क्रीनची वैरी नाही. नागपूरच्या नातवाचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघताना आईंचा चेहरा कसा खुलतो, ते रोज पाहते. पण फोटो नाही दिसला तर पेन्शन अडत नाही.

टोकन यंत्राला एक बटण बसवा, असा अर्ज बँकेत दिला आहे. खाली पहिली सही आईंची आहे, मोडी वळणाची. उत्तर अजून आलेले नाही.