पारितोषिक हवे की शिष्यवृत्ती?

दीक्षान्त समारंभाचे वृत्त वृत्तपत्रात आले की त्याच्या शेवटी सुवर्णपदकांची यादी असते. तीत 'इंग्रजी विषयात सर्वप्रथम' असा उल्लेख हटकून आढळतो. वाचक नाव वाचतो, मनोमन कौतुक करतो आणि पान उलटतो. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र आहे. इंग्रजी साहित्याच्या प्रांतात लुडबूड करण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु पैसा कोणाच्या हाती आणि केव्हा पडला म्हणजे त्याचे चीज होते, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे.

पारितोषिक आणि शिष्यवृत्ती हे शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. वास्तविक पारितोषिक झालेल्या कामाबद्दल असते, शिष्यवृत्ती व्हावयाच्या कामासाठी. तीन वा पाच वर्षे तग धरण्याची ऐपत ज्याला आहे, तोच पारितोषिकापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे इंग्रजीसाठी दात्यांनी ठेवलेल्या देणग्या बहुतांशी पारितोषिकांच्या आहेत, आणि दोंडाईचासारख्या गावात त्यांचा लाभ होण्यापूर्वीच विद्यार्थी गळालेला असतो.

येथे बी.ए.ला इंग्रजी हा विशेष विषय (नव्या धोरणात त्याला 'मेजर' म्हणतात) घेणारी मुले कोण असतात? घरात अहिराणी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि अठराव्या वर्षी समोर एकदम इंग्रजी कादंबरी. काही वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी वर्गमित्रांत इंग्रजीसाठी नावाजली गेली होती. हंगामात ती आईबरोबर मिरचीच्या पथारीवर देठ खुडावयास जाई. दुसऱ्या वर्षी तिने मला विचारले, "सर, मूळ पुस्तक न घेता नुसत्या गाईडवर भागेल का?" ग्रंथालयात त्या कादंबरीच्या दोनच प्रती होत्या आणि मूळ पुस्तक विकत घ्यावे तर महिन्याचा बसचा पास जाई. मी पुस्तक आणून दिले, पण पासाचे काय? दिवाळीनंतर ती आली नाही. आईवडील सुरतेला कामाला गेले, त्यांच्याबरोबर तीही गेली. तिची शैक्षणिक फी फारशी नव्हतीच. तिला फीने नव्हे, फीबाहेरच्या खर्चाने मारले.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. शुल्काची परतफेड होते. मागासवर्गीय व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार' आणि 'स्वयम्' या निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत, आणि ज्यांना त्या मिळतात त्यांचा मोठा आधार होतो. परंतु रक्कम खात्यात पडेपर्यंत बहुधा परीक्षा तोंडावर आलेली असते. शिवाय सार्वजनिक पैशाचा ओघ कोणीकडे आहे तेही पाहावे. केंद्र शासनाच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्ती योजनेत ८२,००० शिष्यवृत्त्या आहेत. विज्ञान, वाणिज्य आणि मानव्य शाखांत त्यांची वाटणी ३:२:१ अशी ठरलेली आहे. मूलभूत विज्ञानाच्या गुणवंतांसाठी २००८ पासून 'इन्स्पायर' योजना आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. राज्याने २०२४ मध्ये मुलींना संपूर्ण शुल्कमाफी दिली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना. या निर्णयांबद्दल तक्रार नाही. पण भाषा शिकणारा विद्यार्थी या हिशेबात शेवटच्या ओळीत येतो.

येथे कोणी म्हणेल, इंग्रजी ही मुळातच सबळांची भाषा. तिच्या शिक्षणाला मराठी माणसाने आणखी दाणापाणी का घालावे? आक्षेप वरवरचा नाही. पण २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. शिरपूर-शिंदखेड्याच्या खेड्यांतील शाळांत ती शिकवणार कोण? मुलाची अहिराणी ज्याला कळते असा शिक्षक पुण्याहून आयात करता येत नाही. मराठीचे यात नुकसान होते, हेही खरे नाही. फैजपूरला जन्मलेले मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. सांगवीचे भालचंद्र नेमाडे इंग्रजीत एम.ए. झाले, धुळ्यातही त्यांनी इंग्रजी शिकवली आणि ज्ञानपीठ मिळवले ते मराठी लेखनासाठी.

जुन्या काळाला ही गोष्ट अधिक कळत होती असे वाटते. पेशवाईतील दक्षिणेच्या पैशातून इंग्रजी अमदानीत डेक्कन कॉलेजात फेलोशिपा निघाल्या. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणाऱ्या आगरकरांना एम.ए. करता आले ते फेलोशिपच्या आधाराने. पुढे १८८३ मध्ये त्यांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांना ती रक्कम शिकत असताना मिळाली. शिकून झाल्यावर व्यासपीठावर नव्हे.

आता ठेवींचे गणित. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ १०,००० रुपये ठेवले, तर सात टक्क्यांनी वर्षाला ७०० रुपये येतात. महागाईही सात टक्क्यांनीच वाढली, तर त्या ७०० रुपयांची क्रयशक्ती सुमारे दहा वर्षांत निम्मी, वीस वर्षांत चौथाई आणि तीस वर्षांत अष्टमांश होते. सुवर्णपदकातले सुवर्ण म्हणूनच मुलाम्यापुरते उरते. दात्याचा हेतू थोर, पण व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात परत घालण्याची अट बहुतेक दानपत्रांत नसते. ती घालावी, किंवा कायम ठेवीऐवजी सरळ वार्षिक वर्गणी ठरवावी.

दोंडाईचाच्या बाजारात मिरचीचे आणि धान्याचे व्यवहार करणारे व्यापारी आहेत; येथून शिकून सुरत, नाशिक, पुण्यात स्थिरावलेले लोक आहेत. इंग्रजीच्या पाच विद्यार्थ्यांना दहा महिने दरमहा एक हजार द्यावयाचे तर वर्षाला ५०,००० रुपये लागतात. एका लग्नातल्या मंडपाचा खर्च याहून अधिक असतो! निवड बारावीच्या गुणांवर करू नये, कारण तेथे शहरातल्या शिकवण्या जिंकतात. पहिल्या सत्राअखेर वर्गात शिकवणाऱ्यानेच मराठी माध्यमातून आलेली, वाचण्याची भूक असलेली मुले निवडावीत, आणि पाठ्यपुस्तकांचा एक संच प्रत्येकाच्या हाती द्यावा. शिष्यवृत्तीला दात्याचे नाव अवश्य द्यावे. नावाची हौस वाईट नव्हे.

प्रवेश उन्हाळा संपताना सुरू होतात. तेव्हा दात्यांची बैठक दिवाळीनंतर नव्हे, मे महिन्यात भरली पाहिजे. पदकांचा समारंभ नंतर केव्हाही करता येईल.