दान नको, कष्टाची भाकर हवी

भुकेल्याला अन्न द्यावे, असे संत गाडगेबाबा सांगत. पण ते स्वतः आधी गाव झाडीत आणि मगच भाकर घेत, हे आपण विसरतो. शहरातील भूक केवळ दानाने भागेल काय? मला तसे वाटत नाही.

पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा, ना तोटा! जेवणारा पैसे मोजतो, म्हणून त्याची मान ताठ राहते. मुंबईत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. याउलट १९९५ नंतर सरकारने काढलेली एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रे टिकली नाहीत. ती जेवणाऱ्यांच्या मालकीची नव्हती, हेच त्याचे कारण मला वाटते.

आपले खापा विणकरांचे गाव. येथील मुले शिकायला, कामाला नागपूरला जातात. खोलीचे भाडे भरल्यावर चहा-पावावर रात्र काढणारे त्यांत आहेत. भंडाऱ्याच्या पंगतीत बसायची त्यांना लाज वाटते. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ती लाज मला कळते.

मग दहा-वीस जणांनी घरून ज्वारी-तूर नेऊन, एखाद्या मावशीला योग्य मजुरी देऊन सामाईक चूल का पेटवू नये? मित्रांनो, वर्गणी ठरवू, हिशेब चोख ठेवू. दात्याची वाट पाहणे आता पुरे!