हाक कोणाला, ओ कोणाची?

जुन्या गद्यातील शब्द किती वेळा येतात ते मोजण्यासाठी मी चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. पहिलाच प्रयत्न म्हणून त्या फाइलीला ‘टेस्ट’ हे नाव दिले. लिनक्सच्या काळ्या खिडकीत ‘टेस्ट’ टंकून एंटर दाबले. काहीच घडले नाही. आकडे नाहीत, चूक दाखवणारी ओळही नाही. तासभर मी स्वतःच्या चार ओळी तपासत बसले. दोष त्यांत नव्हताच. हाक मी एकाला मारली होती आणि ओ दुसऱ्यानेच दिली होती, तीही मुकाट्याने.

आपण टंकलेल्या आज्ञेचा अर्थ लावणाऱ्या दुभाष्याला ‘शेल’ म्हणतात. माझ्याकडचा शेल 1989 साली प्रथम आलेला ‘बॅश’. आज्ञेतला पहिला शब्द कोणाचे नाव आहे, हे तो एका ठरलेल्या क्रमाने पाहतो. आधी एलियस, म्हणजे आपण ठेवलेली टोपणनावे, मग त्याच्या व्याकरणातले राखीव शब्द, मग फंक्शन, मग बिल्टइन, म्हणजे शेलच्या पोटातच असलेल्या आज्ञा. यांपैकी कोणीच दावा सांगितला नाही, तरच तो ‘पाथ’मध्ये नोंदलेले फोल्डर धुंडाळतो. ‘टेस्ट’ ही बिल्टइन आज्ञा आहे. एखादी अट खरी की खोटी, एवढेच ती ठरवते आणि पडद्यावर एक अक्षरही उमटवत नाही. माझ्या फाइलीपर्यंत पाळी आलीच नव्हती.

खरी गंमत पुढे आहे. ‘व्हिच टेस्ट’ असे विचारले, तर उत्तरात माझ्याच फाइलीचा पत्ता आला! बॅशमध्ये ‘व्हिच’ हा सहसा बाहेरचा, स्वतंत्र प्रोग्राम असतो. तो फक्त पाथ चाळतो. शेलच्या मनात काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. (झेडशेलमध्ये मात्र ‘व्हिच’ शेलच्या आतलाच असतो, त्यामुळे तिथे तो अशी फसगत करत नाही.) बॅशलाच ‘टाइप टेस्ट’ असे विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, की हे बिल्टइन आहे. ‘टाइप’ला ‘-ए’ जोडले, तर त्या नावाचे सगळे दावेदार क्रमाने समोर येतात. माझी फाइल त्यांत बिल्टइनच्या मागे ताटकळत उभी होती.

आपल्या मीमांसकांना हे नवे वाटले नसते. योगापेक्षा रूढी बलवान, हे त्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. चिखलात जन्मणारे सगळेच पंकज. पण ऐकणाऱ्याच्या मनात कमळच उमलते. तरीही आपण वर्गात ‘व्हिच’चीच पद्धत शिकवतो, असे माझे मत आहे. अभंग म्हणजे काय, या प्रश्नावर विद्यार्थी ‘जो भंग पावत नाही तो’ असे लिहितो आणि आपण पूर्ण गुण देतो. मीही दिले आहेत. कोशातला पत्ता बरोबर असतो. पण वारीत चालणाऱ्या बाईच्या कानी तो शब्द पडतो तेव्हा व्युत्पत्तीची पाळी येतच नाही, टाळ आधी वाजतो. तिच्यापुरता तो शब्द काय आहे, हे तिलाच विचारावे लागते. तो प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकेत कुठे असतो?

असो. फाइलीला ‘शब्दमोज’ हे नवे नाव देण्याआधी मी ‘टाइप शब्दमोज’ असे विचारून घेतले. बॅशला असे कोणी सापडले नाही.