समीक्षक थकतो कशानं?

शेकडो नाटकं, हजारो सिनेमे बघूनही काही समीक्षकांचा उत्साह टिकतो. काही जण मात्र चार-पाच वर्षांतच 'अभिनय सहज, संगीत श्रवणीय'वर येऊन थांबतात. असं का?

माझं मत सांगतो. जास्त बघून माणूस थकत नाही. जे वाटलं ते लिहिणं बंद झालं की थकतो.

कमलाकर नाडकर्णी घ्या. 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये त्यांनी वर्षानुवर्षं नाट्यपरीक्षण लिहिलं. स्वतः बालनाट्यात काम केलेला माणूस. नाटक उभं करायला किती घाम गाळावा लागतो, ते ठाऊक होतं. तरी फसलेल्या नाटकाला फसलेलं म्हणायला ते कचरले नाहीत.

अमेरिकेतले रॉजर ईबर्ट १९६७ पासून 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये सिनेमावर लिहीत. कॅन्सरच्या शस्त्रक्रियांनंतर २००६ मध्ये त्यांची वाचा गेली. तरी २०१२ या एका वर्षात ३०६ परीक्षणं लिहिली! २०१३ मध्ये ते गेले.

पण याच ईबर्टनी २०१० मध्ये लिहून टाकलं, की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाही. गेम खेळणारी पोरं तुटून पडली. काही महिन्यांतच त्यांनी मान्य केलं, की गेम न खेळता त्यावर बोलायला नको होतं. न बघता निकाल द्यायची ही खोड भल्याभल्या जाणत्यांना लागते. ती मोडायला मन मोठं लागतं.

आता आपल्या दिघीकडे या. आजूबाजूच्या गावांत गणपतीत जाखडी, नाटकं होतात. मुंबईकर मंडळी रजा टाकून, पदरमोड करून उभी राहतात. आणि बातमी काय? 'प्रेक्षक मंत्रमुग्ध.' सात मान्यवरांची नावं, दिग्दर्शकाचं एकही नाही. मंडळाचा अध्यक्ष जाहिरातदार, वर शेजारीही. बातमीदार वाईटपणा कशाला घेईल? पण दरवर्षी तेच लिहून त्याच्यातला उत्साह मरतो, कलाकारालाही काही कळत नाही.

आणि हाच हात उद्या बंदरावर, जेट्टीवर, रस्त्यावर लिहिणार आहे. नाटकाबद्दल खरं लिहायची ज्याला मुभा नाही, तो तिथं काय लिहिणार?

म्हणून एक विनंती. यंदा कुणी 'दुसरा अंक लांबला' असं लिहिलं, तर त्याच्याशी बोलणं टाकू नका. त्यानं दुसरा अंक शेवटपर्यंत बसून पाहिलाय, एवढं तरी ध्यानात घ्या.