टाके घातल्यानंतरचे तीन तास

मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टचे पाच मजली प्राणी रुग्णालय सुरू झाले, तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली ती 165 कोटींच्या खर्चाची आणि आतल्या यंत्रसामग्रीची. ते स्वाभाविकही होते. पण आता पुण्या-नाशकातले खासगी दवाखानेही यंत्रांच्याच जाहिराती करतात आणि कुत्र्यामांजरांचे पालकही शस्त्रक्रियेआधी दोनच गोष्टी विचारतात: डॉक्टर कोण आणि खर्च किती? भूल दिल्यापासून जनावर पुरते शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबणार, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते शस्त्रक्रियेचा दर्जा जोखायला याहून चांगला प्रश्न नाही.

ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात सव्वाशेच्या आसपास दवाखान्यांतून भूल दिलेल्या सुमारे 98 हजार कुत्र्यांची आणि 79 हजार मांजरांची नोंद ठेवली गेली. भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के आणि मांजरांत 0.24 टक्के निघाले. धडधाकट कुत्र्यांत ते दोन हजारांत एक इतके कमी होते, आजारी कुत्र्यांत मात्र एक टक्क्याच्या वर गेले. खरी डोळे उघडणारी बाब पुढेच आहे. मृत्यू पावलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी आणि मांजरांपैकी साठ टक्के शस्त्रक्रिया संपल्यानंतर दगावली, आणि त्यांतलीही बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणजे टाके घालून झाले, हातमोजे उतरले, घरी ‘सगळं छान झालं’ असा फोनही गेला असेल, तेव्हा. याची कारणे गूढ नाहीत. लहान जिवाचे अंग झपाट्याने गार पडते, श्वास मंदावतो, आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची भुलीसाठी श्वासनळीत घातलेली नळी घाईने काढली तर तो जागच्या जागी गुदमरू शकतो. ब्रिटनच्या याच अभ्यासात मांजरांची नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन तपासत राहिल्यास धोका घटल्याचे दिसले. पल्स ऑक्सिमीटर करोनाकाळात आपल्या घराघरांत आला, त्यामुळे अडचण यंत्राच्या किमतीची नाही. त्यावरचा आकडा वाचून वेळेत हालचाल करणारा माणूस लागतो.

आकडे परदेशातले आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण ब्रिटनमध्ये प्राण्यांची परिचर्या हा शिकून करायचा, पात्रतेचा व्यवसाय आहे. आपल्याकडे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकांची नोंदणी होते. त्यांच्या हाताखाली भूल सांभाळणाऱ्यांसाठी मात्र तशी वेगळी नोंदणी नाही. अनेक ठिकाणी पिंजरे धुणारा मदतनीसच जनावराचा पाय धरतो, सलाईनही बघतो. तो कष्टाळू असतो, पण हिरड्या पांढऱ्या पडल्या तर त्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. तेव्हा इथले चित्र ब्रिटनपेक्षा बरे असेल असे मानायला मला आधार सापडत नाही.

खर्च वाढेल, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाढेलच. पिकलेले गर्भाशय काढण्यासारखी तातडीची शस्त्रक्रिया आजही अनेक कुटुंबांना जड जाते. बिल आणखी फुगले तर काहीजण उपचारच टाळतील. म्हणूनच महागड्या यंत्राआधी दवाखान्याने एका प्रशिक्षित माणसाचा पगार धरावा, असे मला वाटते. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने बारावीनंतरचा भूल-देखरेख आणि परिचर्येचा छोटा अभ्यासक्रम काढला, तर ग्रामीण मुलामुलींना शहरात कामही मिळेल. माणसांनाच खाटा मिळत नाहीत तिथे कुत्र्यांचे लाड कशाला, असेही कुणी म्हणेल. पण हा पैसा पालकांच्या खिशातला आहे, सरकारी रुग्णालयाच्या वाट्याचा नव्हे.

अभ्यासक्रम येईल तेव्हा येईल. तोवर दवाखान्यांना बिलात ‘शस्त्रक्रिया’ असा एकच आकडा न लिहिता देखरेखीची रक्कम वेगळी दाखवता येईल, आणि तिच्यासमोर जनावर शुद्धीवर येईपर्यंत थांबणाऱ्या माणसाचे नावही.